पाठीवरची धाबळी

ते एकोणीसशे सत्तावन्न साल. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आम्हाला अजून वर्षही झालं नव्हतं. नाचणगावहून मी वर्ध्याला स्त्रियांच्या नॉर्मल स्कुलात आले, तेव्हा अठरा वर्षांची होते. वडील कवडू लोकांच्या वावरात सालदार होते. मला मास्तरीण करायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि मलाही पुन्हा कुणाच्या वावरात निंदायला जायचं नव्हतं.

अभ्यास जड गेला नाही. जड गेलं ते पादहस्तासन. गुडघे ताठ ठेवून वाकायचं आणि हात जमिनीला टेकवायचे. डिसेंबरअखेर पहिली परीक्षा होती. आसनांत जी नापास होई तिचं नाव कमी होई. लहानपणापासून डोक्यावर ओझी वाहून माझी पाठ ताठ झाली होती. वाकले की बोटं जमिनीपासून वीतभर वरच राहत.

आमच्या सुलोचनाबाई सकाळी जोड्या लावायला सांगत. एकीनं वाकायचं, दुसरीनं तिच्या पाठीवर हळूहळू भार द्यायचा. आम्ही एकोणीस जणी होतो. मला कुणी काही बोललं नाही. रोज नऊ जोड्या लागत आणि मी उरत असे. बाईंनी पहिल्या आठवड्यात एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकटीनं कर म्हणाल्या. मी व्हरांड्याच्या टोकाला गेले. पुढे ते टोक माझंच झालं.

पण एकटीला आपलं माप कसं कळणार? वाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. टकळीवर मी स्वतः कातलेलं सूत होतं. त्याच्या टोकाला सुपारी बांधली आणि बोट-बोट अंतरावर बारा गाठी मारल्या. वाकून सूत सोडायचं, सुपारी फरशीला लागली की चिमटीत कितवी गाठ आहे ते बोटांनी चाचपायचं. ऑगस्टात बारावी होती. दसऱ्याला नववी आली, दिवाळीनंतर सातवी. मी वडिलांना कार्ड लिहिलं, पाच बोटं खाली आले, राहिलेलंही होईल. त्यांना वाचता येत नव्हतं. ते कार्ड त्यांनी चार-पाच जणांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं, असं नंतर कळलं.

डिसेंबर लागला आणि एका दुपारी मी व्हरांड्याच्या टोकाला माप घेत असताना सुमित्रा तिथून जाताना थांबली. ती हिंगणघाटची. वर्गात तिच्याइतकं कुणी वाकत नसे. घरी सोवळं कडक.

"हे काय करून राह्यली वं, गुलाब?"

मी सांगितलं. तिनं सूत खाली ठेवायला लावलं, मग स्वतः उचललं आणि दोन्ही हातांत धरून हलकेच ओढलं. तिला हसू फुटलं.

"कच्च्या सुतानं कोणी माप घेते का? सुपारी फिरते, पीळ सुटते, सूत लांबते. तू कुठं खाली गेली? सूतच खाली गेलं."

तिनं मला वाकायला सांगितलं आणि शिवणार नाही अशा बेतानं आपली बोटं माझ्या बोटांखाली धरून पाहिली. नऊ बोटं जागा होती. चार महिन्यांत मी तीन बोटं खाली आले होते आणि परीक्षेला चोवीस दिवस राहिले होते.

ती निघून गेली. मी तिथंच बसून राहिले. गावी परत जायचं, वडिलांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. थोड्या वेळानं ती परत आली. हातात तिची जेवताना नेसायची धाबळी होती. लोकरीला विटाळ लागत नाही, असं त्यांच्यात मानत. तिनं धाबळीची चौघडी करून माझ्या पाठीवर टाकली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि भार दिला.

घर सोडल्यापासून माझ्या पाठीवर कुणी हात ठेवला नव्हता. लोकर पोलक्यातून टोचत होती. दीक्षेनंतर वडिलांनी आम्हा भावंडांना बजावलं होतं, आता कुणी दूर धरलं तर ऐकून घ्यायचं नाही. 'ती काढ' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "अजून दाब."

रोज दुपारी बाकीच्या जेवून पडल्या की ती यायची. खूप बोलायची. भावाच्या लग्नात हरवलेला नवरदेवाचा जोडा, मेट्रनबाईंचं घोरणं, सगळं. मीही हसायचे. धाबळी मात्र ती एकदाही विसरली नाही. विसाव्या दिवशी माझी बोटं फरशीला टेकली. आनंदानं तिचा हात माझ्या खांद्याकडे आला, अर्ध्यात थांबला, आणि तिनं धाबळी उचलून झटकली.

परीक्षेत सुलोचनाबाईंनी मला पैकीच्या पैकी गुण दिले. सगळ्यांना म्हणाल्या, "पाहा, गुलाब एकटीनं शिकली." सुमित्रा पुढच्या रांगेत होती. ती खाली पाहून पदर सारखा करत राहिली. मी बाईंना नमस्कार केला. वडिलांना लिहिलं, हात टेकले, नाव राहिलं. कसे टेकले ते लिहिलं नाही.

सुमित्रा अमरावतीच्या एका शाळेत लागली. पहिली दोन वर्षं तिची पत्रं आली, मग थांबली. पंच्याऐंशी साली ती गेल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. सुलोचनाबाई निवृत्तीनंतर मुलाकडे जबलपूरला गेल्या आणि तिथेच वारल्या. देवळीला मी रुजू झाले त्या दिवशी वडील धुतलेलं धोतर नेसून आले आणि शाळा सुटेपर्यंत शेवटच्या बाकावर बसून राहिले. सहासष्ट साली ते गेले. मी छत्तीस वर्षं शिकवलं. जोड्या लावाव्या लागत तो आसनांचा तास तेवढा नेहमी दुसऱ्या बाईंना दिला. आता वर्ध्यात एकटीच राहते.