सायकल दिसेल अशी जागा

"बाई, सायकल बाहेर ठेवा. ही फॅमिली रूम आहे."

"मग? ही माझी फॅमिलीच आहे. दुसरं कोण आहे मला?"

असं म्हणून वनमालाताईंनी सायकलचं पुढचं चाक हिरव्या पडद्याच्या आत घातलं. आत एक गुजराती कुटुंब इडली खात बसलं होतं. त्यांच्यातल्या सासूबाईंनी पदर आणि चटणीची वाटी एकदमच सावरली. वेटर हँडल धरून सायकल बाहेर ढकलत होता, ताई सीट धरून आत रेटत होत्या, आणि मी मागे त्यांचा बर्फाचा थर्मास छातीशी धरून, ओळखीचं कोणी पाहत तर नाही ना, एवढंच बघत होते.

शेवटी सायकल बाहेर गेली. तिच्या पाठोपाठ आम्ही दोघीही गेलो. कॉफी राहिलीच.

"जोगेश्वरी कटाप," रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाल्या. "बस गो वसू मागे. आणि फाटकाशी पोलीस दिसला तर उतर. परवा डबल सीटसाठी एकाला धरलान मेल्यान."

ही यंदाच्या, म्हणजे अठ्ठावन्नच्या मार्चमधली गोष्ट. वनमालाताई परब आमच्या गुंदवलीच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहतात. मालवणकडच्या. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी पाठवलं, माहेरच्यांनी मुंबईला मामाकडे पाठवलं, आणि मामाने नर्सिंगला घातलं. तीस वर्षं त्या पोरांना देवी टोचत होत्या. पांढरं पातळ, खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत दंडावर फिरवून टोचायची दातेरी फिरकी, हँडलला लटकवलेला लशीचा थर्मास. अंधेरीपासून पार दहिसरपर्यंत त्यांची सायकल दिसली की गल्लीतली पोरं नाहीशी व्हायची. सायकल टोचणीच्या ऑफिसची होती. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात सतरा नंबर घातला होता.

आणि या बाईंना एकच शौक होता, कॉफीचा.

आमच्या घरी कॉफी म्हणजे चतुर्थीला दुधात वडी घालून, वरून जायफळ किसून केलेलं एक औषध. ताईंची कॉफी निराळी. टोचणीच्या वाटेवर जितकी म्हणून उडप्यांची हॉटेलं होती, तितक्या ठिकाणची कॉफी त्यांनी प्यायली होती. संध्याकाळी गॅलरीत तांदूळ निवडताना मला सगळा अहवाल मिळायचा.

"पार्ल्याची कॉफी पाणचट, पण तांब्याच्या भांड्यात येते म्हणून मान देऊन प्यायची. गोरेगावचा मेला साखर आधीच घालून ठेवतो. मालाडची आपल्या लशीसारखी. घेतली तेव्हा काही नाही, घरी आल्यावर फुलते."

"आणि चांगली कुठली हो?"

"ती आपल्या सुब्रायाची. अनंतशयन. तिच्यासारखी कॉफी अंधेरीत नाय."

अनंतशयन उपाहारगृह आमच्या रेल्वे फाटकाजवळच होतं. नाव अनंतशयन, पण तिथे कोणी पाच मिनिटांपेक्षा जास्त टेकलं की सुब्रायअण्णा कामत गल्ल्यावरची घंटी वाजवायचे. दारात भाजीच्या नव्हे, मोठ्या सावलीच्या भेंडीचं झाड, आत संगमरवरी टेबलं, आणि सगळ्यात मागे, मोरीच्या शेजारी, फळ्यांच्या आडोशाची फॅमिली रूम. बाई आली की वेटर तिला तिकडेच न्यायचा. बाईबरोबर नवरा असो, दीर असो, नाहीतर कोणीही नसो.

या 'कोणीही नसो'मध्येच ताईंचं सगळं दुखणं होतं. लाजबिज काही नाही, लाज त्यांनी तीस वर्षांपूर्वीच थर्मासमध्ये घालून बूच लावलं होतं. पण पडद्याआड बसलं की बाहेरची सायकल दिसत नाही. सायकल गेली तर पगारातून जाणार, ते एक. त्याहून मोठं म्हणजे सायकल गेली तर लस कशी न्यायची, आणि लस उन्हात राहिली तर मेली. म्हणून कॉफी आली की ताई ती तशीच कढत घशात ओतायच्या आणि पळत बाहेर यायच्या. एकदा आल्या तर खरंच सायकल जागेवर नाही! जीभ भाजलेली, डोळ्यांत पाणी, बोंब मारावी तर शब्द फुटेना. मग कळलं की शेजारच्या वाण्याची बकरी सीटचं कव्हर चावत होती, म्हणून वाण्यानेच सायकल उचलून पलीकडे ठेवली होती.

"म्हणजे ताई," मी एकदा हिशेबाने म्हटलं, "तुम्हाला कुठल्याच कॉफीची चव नीट माहीत नाही."

त्या निवडता निवडता थांबल्या. "गो, वास येतो ना."

"वास येणं आणि चव कळणं सारखं का?"

त्यावर त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. पण बोलणं लागलं असावं. कारण दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाल्या, "वसू, एकतीस तारखेला मी रिटायर. पाचच्या आत सायकल ऑफिसात जमा करायची. त्याच्या आधी माका एकदा, फक्त एकदा, पडद्याबाहेरच्या टेबलावर बसून, सायकल समोर बघत, निवांत कॉफी प्यायची असा. तू सोबत ये. दोघी असलो म्हणजे नाय म्हणायला त्यांची जीभ जरा अडखळेल."

आमच्या ह्यांना मी सांगितलं, ताईंबरोबर देवीच्या कामाला जाते. ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "साथ आलीय का?"

"हो," म्हटलं. "कॉफीची." हे "बरं" म्हणाले.

त्या पंधरा दिवसांत आमचे तीन प्रयत्न झाले. जोगेश्वरीचं वर सांगितलंच. पार्ल्याला ताईंनी डोकं लढवलं. "तू बाहेर सायकलजवळ उभी राहा, मी आत पडद्यामागे बसून सावकाश पिते." मी हँडल धरून उन्हात उभी राहिले. भर बाजारात सायकल धरून उभी असलेली नऊवारीतली बाई पाहून एकाने मला पंक्चर काढून मिळेल का, असं विचारलं. आणि आतून दर घोटाला हाक येत होती,

"हाय ना गो?"

"आहे हो!"

"सावलीत हाय?"

"आहे!"

"सीट तापू देऊ नको!"

सीटची त्यांना भारी काळजी. तापलेल्या सीटवर बसलं की दिवसभर टोचल्यासारखं होतं, म्हणायच्या. टोचणाऱ्या बाईने ते म्हणावं म्हणजे खरंच असणार. कुठेही गेल्या तरी आधी सावली शोधायच्या, आणि सावली सरकेल तशी सायकल सरकवायच्या. पार्ल्याला त्या बाहेर आल्या तेव्हा ओठ लाल झाले होते. पुन्हा भाजून घेतलंच होतं.

गोरेगावला तर मालकाने सरळ सांगितलं, "आई, बाहेर बसलात तर बाकीची गिऱ्हाइकं अवघडतात. त्यांना मोठ्याने बोलता येत नाही."

"मग हळू बोलायला सांग. कानाला बरं," ताई म्हणाल्या. पण बसू दिलं नाही ते नाहीच.

अशी एकतीस तारीख आली. सोमवार होता. साडेतीनला ताई चाळीखाली घंटी वाजवत उभ्या. सायकल त्यांनी धुऊन, पुसून, तेल देऊन अशी केली होती की ऑफिसने मेडलच द्यावं. पातळ मात्र तेच पांढरं, आणि खांद्याला तीच खाकी पिशवी.

"आज पिशवी कशाला?" मी विचारलं.

"ती पण जमा करायची."

अनंतशयनपाशी त्यांनी सायकल भेंडीखाली लावली, सावली बघितली, दोन बोटं पुढे सरकवली, आणि आम्ही दारात जाऊन उभ्या राहिलो. आत सगळी टेबलं भरलेली. दाराजवळचं, जिथून झाड नीट दिसतं, त्या टेबलावर तिघं जण बसले होते. त्यातला एक चांगला धिप्पाड, फाटकापलीकडच्या लोहाराच्या भट्टीवर काम करणारा असावा, कारण कोपरापर्यंत काळा होता.

"फॅमिली आत," वेटरने हात केला.

ताई हलल्या नाहीत. वेटर पुन्हा म्हणाला. त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या, त्या टेबलाकडे बघत.  मी मनात म्हटलं, साडेतीन वाजून गेले, आता ही बाई न पिताच सायकल देऊन टाकणार, आणि पुढची दहा वर्षं गॅलरीत मला हेच ऐकायला लागणार.

तेवढ्यात त्या धिप्पाड गड्याने मान वर केली. त्याला पांढरं पातळ दिसलं. मग खाकी पिशवी दिसली. तो ताडकन उठला. खुर्ची मागे पडली. डाव्या हाताने त्याने उजवा दंड गच्च दाबून धरला, आणि तीस वर्षांचा तो बाप्या ओरडला,

"बाई, माझं झालंय! आईशप्पथ, दोनदा झालंय!"

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग ताईंचा चेहरा फुलला.

"गुणाजी ना तू? तळेकरांचा? पहिल्या वेळी माळ्यावर लपलास. साथीच्या साली मोरीतल्या पिंपात सापडलास."

सगळं हॉटेल हसायला लागलं. गुणाजीचे दोघं सोबती टेबलावर हात आपटत होते. "पिंपात काय रे गुण्या! आणि आम्हाला भट्टीवर दम देतोस!" गुणाजी दंड चोळत ओशाळून उभा राहिला. आणि त्या गोंधळात वनमालाताई पुढे झाल्या, पडलेली खुर्ची उचलून सरळ केली, आणि तिच्यावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. मला म्हणाल्या, "बस गो." दुसऱ्या एकाने माझ्यासाठी खुर्ची सोडली. मी बसले, म्हणजे टेकले.

हसणं थांबलं. वेटरने गल्ल्याकडे पाहिलं. सुब्रायअण्णा उठून आले. धोतराचा सोगा हातात, कपाळाला गंध.

"बाई, तुम्ही जुन्या गिऱ्हाईक. पण नियम आहे. उद्या दुसऱ्या बायका बसतील. गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"विचारा की त्यांना," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "बारा वर्षं तुमच्याकडे पिते अण्णा. बारा वर्षं जीभ भाजते. आज माझी सायकल जाणार. तिच्याकडे बघत एक कप पिऊ द्या. मग घंटी वाजवा."

अण्णांनी भेंडीखाली पाहिलं. मग आत पाहिलं. सगळे कप हातात धरून त्यांच्याकडेच बघत होते.

"अण्णा, बसू द्या हो," गुणाजी म्हणाला. "त्यांना उठवलंत आणि त्यांनी पिशवी उघडली, तर इथे सगळ्यांची वाट लागेल."

पुन्हा हशा. अण्णाही हसले असं मी म्हणणार नाही, पण गंध जरा वर सरकलं. ते भटारखान्याकडे वळले आणि ओरडले,

"दोन कॉफी! बाहेर!"

बारा वर्षं ताईंची कॉफी 'फॅमिलीत एक' म्हणून ओरडली जायची. 'बाहेर' हे त्यांनी ऐकलं, आणि पदराने उगाचच मान पुसली.

कॉफी आली. ताईंनी ती वाटीत ओतली, वाटीतून पेल्यात, पुन्हा वाटीत. घाई नाही. समोर सतरा नंबर भेंडीखाली उभी होती, हँडल जरा वळवून, कोणीतरी बोलावल्यासारखी. फेस बसू दिला. मग एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी माझी कॉफी विसरून त्यांच्याकडे बघत राहिले. गुणाजीही बघत होता.

"कशी आहे?" मी विचारलं.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. मग माझ्याकडे वाकून, अण्णांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या,

"गो वसू... चिकोरी घालतो मेलो."

"काय सांगता!"

"निम्मी चिकोरी, मुळांची पूड. आणि मी बारा वर्षं अख्ख्या अंधेरीला सांगत आले!" आणि त्या हसायला लागल्या. खांदे हलवत, तोंडाला पदर लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे सगळंच चुकलं गो. पार्लं, मालाड, सगळं. आता परत पहिल्यापासून प्यायला हवं. बाहेर बसून."

"सायकल नसताना?"

"पाय हायत ना."

अण्णांनी घंटी वाजवली नाही. साडेचारला आम्हीच उठलो. पैसे गुणाजीने आधीच दिले होते. ताईंनी त्याला बोलावून दंड दाखवायला लावला, चार व्रण नीट बघितले, आणि "छान आलेत" म्हणाल्या. तो बिचारा आनंदला.

ऑफिसात काशीराम नावाच्या कारकुनाने सायकल भिंतीला लावून तपासली. पंप आहे, दिवा आहे. "घंटी वाजते?" त्याने विचारलं. ताईंनी एकदाच वाजवली. त्याने कागदावर खूण केली, पिशवी घेतली, थर्मास घेतला आणि पावती दिली. येताना आम्ही चालत आलो. ताई रस्त्याच्या कडेने चालत होत्या, आणि त्यांचा डावा हात अंगापासून जरा लांब होता, हँडल धरल्यासारखा. मी त्या बाजूने चालत नव्हते.

त्यानंतर दर गुरुवारी आम्ही दोघी निघतो. पार्ल्याला बाहेर बसायला दोन फेऱ्या लागल्या. गोरेगावचा अजून नाही म्हणतोय, पण ताईंनी त्याच्याकडे काम करणाऱ्यांचे दंड बघायला सुरुवात केली आहे. पार्ल्याची पाणचट कॉफी निवांत प्यायल्यावर पाणचटच निघाली, याचा त्यांना फार आनंद झाला. "एक तरी बरोबर होतं!"

परवा अनंतशयनला गेलो. दाराजवळचं टेबल मोकळं होतं. कॉफी आली. ताईंनी ओतली, निवायला ठेवली, आणि बाहेर पाहिलं. भेंडीला टेकून कोणाची तरी सायकल उभी होती, काळी, पुरुषी दांड्याची. ऊन सरकलं होतं आणि बरोबर सीटवर येऊन बसलं होतं.

ताईंनी थोडा वेळ वाट बघितली. आत कोणी उठतंय का, ते बघितलं. कोणी उठेना.

मग त्या उठल्या, बाहेर गेल्या, ती सायकल हँडलला धरून झाडाच्या पलीकडच्या सावलीत लावली. सीटवर हात ठेवून तापलीय किती ते पाहिलं. परत येऊन बसल्या. कॉफीवर साय धरली होती. त्यांनी ती बोटाने बाजूला केली आणि निवलेली कॉफी सावकाश प्यायल्या.