अध्यक्षांवर नजर ठेवणारं कुलूप

मी एक जुनं कुलूप आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही भरवसा नाही. अलिगढला घडलो. पोटात सात लिव्हरच्या पट्ट्या आणि डोक्यात एकच विचार: समोरचा माणूस चोर असला तर? कुलपानं दुसरा कुठला विचार करायचा?

मला भोपाळला आणून इंद्रपुरीतल्या मराठी मंडळाच्या सभागृहाला लावलं. कारखान्यात नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचं हे मंडळ. त्यांचा एक पक्का नियम होता: अध्यक्ष व्हायचं ते फार तर दोनदा. मुदत संपली की जुन्या अध्यक्षानं सर्वांसमोर मला शेवटचं उघडायचं, किल्ली नव्या अध्यक्षाच्या हातात द्यायची आणि मग सगळ्यांनी पोहे-जलेबी खायची. यशवंतराव किल्ली देताना रडले होते. लीलावतीबाईंनी मात्र हसत सांगितलं, "जरा उचलून फिरवा, नाहीतर अडतं." लोक माझं कौतुक करायचे. मी प्रत्येक नव्या हाताकडे संशयानंच बघायचो.

गोपीनाथराव अध्यक्ष झाले तेव्हा मी त्यांच्यावरही बारीक लक्ष ठेवलं. काही सापडेना, याचाच मला राग यायचा. गळकं छप्पर त्यांनी नीट करून घेतलं. कुणाच्या घरी आजारपण आलं की आधी तेच पोचायचे. इतका चांगला माणूस? नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटायचं.

त्यांची दुसरी मुदत संपत आली आणि सभा भरली. मी दाराच्या कडीला लटकून ऐकत होतो. कुठलंही काम अंगावर न घेणारे प्रकाशभाऊ उठले. "अरे भई, बढिया चाललंय, मग छेडायचं कशाला? काढून टाका तो दोनदाचा नियम. इथे फुरसत कुणाला आहे?"

गोपीनाथरावांनी हात जोडले. "माझी मुळीच इच्छा नाही. पण तुमचा आग्रहच असेल, तर..."

तो 'तर' मला खटकला.

संपदाताई दर रविवारी सभागृहात मुलांना मराठी शिकवायच्या. या वेळी त्या अध्यक्षपदाला उभ्या राहणार होत्या. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण कितीतरी देशांत राष्ट्राध्यक्षालासुद्धा दोनदाच निवडून येता येतं. उद्या इथे वाईट माणूस आला, तर त्याला घरी पाठवायला नियम कुठून आणायचा? तो तर आपण आजच, एका चांगल्या माणसासाठी मोडलेला असेल."

"लो, आता मंडळातही पॉलिटिक्स!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मग हात वर झाले. संपदाताईंचा तेवढा खाली राहिला. नियम गेला आणि गोपीनाथरावच तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले.

थोड्याच दिवसांत दाराला नंबरचं कुलूप आलं. किल्लीची कटकट नको, असं गोपीनाथराव म्हणाले आणि सर्वांना ते पटलं. नंबर एकट्या त्यांनाच ठाऊक. मला व्हरांड्यातल्या पाण्याच्या मोटरीच्या जाळीला अडकवलं. आता मला तेल कुणी घालत नाही, पण इथून दार स्वच्छ दिसतं.

गेल्या रविवारी मुलं त्या दारासमोर उभी होती. संपदाताईंनी फोन लावला. "आज नाही जमणार, बेटा. पुढच्या वेळी बघू," तिकडून गोड आवाज आला. आधीच्या रविवारीही तो असाच आला होता. त्यांना खरंच काम असेल. असेलही. पण मला काही ते पटत नाही.

छोट्या दीप्तीनं विचारलं, "टीचर, हॉल तर अपना है ना?"

 संपदाताईंनी पायरीवरच वर्ग भरवला. ते बघून मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला तेल घाला, असं माझं म्हणणं नाही. मोठेपणी तुम्हीही कुणाला तरी खुर्चीवर बसवाल. माणूस आवडला तर त्याचं भरपूर कौतुक करा, पण त्याच्या प्रेमापोटी नियमाला हात लावू नका. मी आयुष्यभर चोराची वाट पाहिली. चोर कधी आलाच नाही. दार घालवलं ते आपल्याच माणसांनी, हसत हसत, हात वर करून.