लवू तांडेलांच्या घरचा काळा डबा

मी एक काळा डबा बोलतोय. पानाच्या डब्याएवढा. या घरात आलो त्या दिवशी लवू तांडेलांनी मला उचललं आणि झाकण कुठून उघडतं ते शोधत बराच वेळ बसले. झाकण मला नाहीच. पुढच्या बाजूला एक गोल बटण, हेडफोनची पिन खुपसायला दोन भोकं, त्यांच्या शेजारी एक छोटी खिटी आणि मागे लॅपटॉपला जोडलेली वायर, एवढाच माझा देह.

माझं कारखान्यातलं नाव लांबलचक आहे आणि त्यात अक्षरांपेक्षा आकडेच जास्त. काम मात्र साधं. लॅपटॉपमध्ये आवाज म्हणून जे साठवलेलं असतं ती नुसती आकड्यांची रांग असते. ती मी घेतो, तिचा पुन्हा आवाज करतो आणि हेडफोनला लागेल तेवढा जोर देऊन पुढे पाठवतो. पहिल्या कामाला डॅक म्हणतात, दुसऱ्याला ॲम्प. काही घरांत या कामांसाठी दोन वेगळ्या पेट्या असतात. माझ्या पोटात दोघं एकत्र नांदतात आणि आजवर भांडलेले नाहीत.

माझे पहिले मालक पुण्याचे. त्यांच्याकडे माझ्यासारखे चार डबे होते. ते एक गाणं लावायचे, अर्धा मिनिट माझ्यातून ऐकायचे, अर्धा मिनिट दुसऱ्यातून, मग डोळे मिटून मान हलवायचे. दोन वर्षांत त्यांनी माझ्यातून एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. पुढे पाचवा डबा आला आणि मी कपाटात गेलो. तिथून मला आणि माझ्याबरोबरच्या जाडजूड हेडफोनला स्वरूपने विकत घेतलं.

स्वरूपचं मालवणजवळच्या कट्टा गावात एसटी थांब्यासमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मला घेतलं ते बहिणीसाठी, अक्षयासाठी. अक्षया मालवणच्या उत्तरेला एका मच्छीमार वाडीत दिलेली. नवरा सिद्धेश मोठ्या मालवाहू बोटीवर, तो गणपतीला तेवढा घरी. अक्षया घरी बसून पुण्याच्या एका संस्थेचं काम करते. लोकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि शब्दाला शब्द टंकून द्यायच्या. पुटपुटणाऱ्या माणसाचाही शब्द तिच्या कानातून सुटत नाही. हे काम तिच्या कानांवरच चालतं.

ती मला न्यायला दुकानात आली तेव्हा म्हणाली, "ह्येच्यापेक्षा मोठो नाय मेळाचो?"

"कित्याक?" स्वरूप म्हणाला. "आदी हेडफोन बघ, मगे डबो. तुझे कानात घालूचे बारीक हेडफोन फुंकरीन वाजतत. ह्या जाड्यांका ढकलूक जोर लागता. ही खिटी खाली आसली की बारक्यांसाठी, वर केलंस की जाड्यांसाठी. दोनय चलवता, मगे आनी काय व्हया?"

त्याने काहीही न वाजवता हेडफोन कानाला लावून माझ्यातून फुसफुस येते का ते पाहिलं. बटण हळूहळू फिरवून दोन्ही कानांत आवाज सारखा चढतो का ते पाहिलं. मग कागदाची एक पट्टी माझ्या पाठीवर चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं: आधी शून्य. मग पिन. मग कान.

"म्हंजे?"

"म्हंजे बटण पयला शून्यार आणूचा. मगे पिन घालूची. मगे कानात घालून आवाज वाडवूचो. रोज."

अक्षयाने हे चार-पाच महिने अगदी पूजेसारखं पाळलं. मग तिचं बटण रोज एकाच जागी राहायला लागलं आणि ते बघायची गरज तिला उरली नाही. जूनमध्ये खारी हवा घरात शिरली आणि पट्टीचा गोंद सुटला. एका सकाळी केरात पट्टी गेली. ती गेली हे मलाच तेवढं कळलं. माणसं सवय लावून घेतात आणि मग सवयीवर सगळं सोपवून मोकळी होतात, हे मी पुण्यातही पाहिलं होतं.

आता लवू तांडेलांचं सांगतो, म्हणजे अक्षयाच्या सासऱ्यांचं. चाळीस वर्षं बोटीच्या डिझेल इंजिनाला पाठ लावून बसलेला माणूस. त्या इंजिनाने त्यांचे निम्मे कान खाल्ले. ते घरातही समोरच्या बोटीवरच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात, आणि त्यांना आपण हळू बोलतो असं वाटतं.

वाडीत नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायच्या आधी गाऱ्हाणं घालतात. एकाने दर्याला वाडीचं मागणं सांगायचं आणि बाकी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तो मान या घराचा. लवूंचे थोरले भाऊ महादू तीस वर्षं ते घालत आले. मार्गशीर्षात महादू गेले. गाऱ्हाणं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. आता ते लवूंनी घालायचं होतं, आणि लवूंना ते तुकड्या-तुकड्यांनी आठवत होतं. वाडीसमोर मध्येच अडखळलो तर दादाचं नाव जाईल, ही एकच धास्ती त्यांना लागून राहिली होती.

घरात एक जुनी कॅसेट होती. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी किनाऱ्यावर महादूंचं गाऱ्हाणं भरून घेतलेलं. स्वरूपने ती लॅपटॉपमध्ये उतरवून दिली. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत बोट किनाऱ्यावर चढलेली, लवूंना काम नाही. संध्याकाळी अक्षया चुलीकडे गेली की ते माझ्यासमोर बसायचे. जाडे हेडफोन लावायचे, खिटी वर.

"बाबांनू, आवाज हळूहळू वाडवा हां," अक्षया सांगायची. "आनी मोठो झालो की काडून ठेवा. उरलेले कान तरी ऱ्हवांदेत."

"व्हय व्हय," लवू म्हणायचे आणि तिची पाठ वळली की बटण शेवटपर्यंत फिरवायचे.

गाऱ्हाण्याचा सगळा भाग त्यांना मिळाला. फक्त मधली दहा-बारा सेकंदं मिळत नव्हती. तिथे महादूंचा आवाज एकदम खाली जायचा, वर लाटांची खळखळ आणि कॅसेटची खरखर. लवूंना वाटायचं, अजून जोर दिला की कळेल. मी जोर दिला की खरखरही तेवढीच वाढायची. मी हाती येईल ते मोठं करतो, त्यातलं नको ते गाळून देणं माझ्याकडून होत नाही. हे त्यांना सांगायला मला तोंड नव्हतं. वीसदा, तीसदा ते तोच तुकडा लावत. "दादा, काय रे बोललंस हंय?" असं ते मोठ्याने विचारत.

ऐकून झालं की लवू हेडफोन काढायचे, लॅपटॉप मिटायचे आणि उठायचे. बटणाला हात लावायचे नाहीत. एकदा अक्षयाने ते पाहिलं आणि टोकलं, तेव्हा ते म्हणाले, "गो, बोटीर डिझेलच्या नळीचो कॉक नेहमी पुरो उघडोच ठेवूचो. अर्धो ऱ्हवलो तर इंजिन हवा घेता. इंजिन बंद करूचा ता येगळ्या दांड्यान." लॅपटॉप मिटला म्हणजे इंजिन बंद झालं, अशी त्यांची समजूत. अक्षया हसली आणि तिने स्वतः बटण मागे फिरवलं. त्या दिवशी तिने पाहिलं होतं, म्हणून निभावलं.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. अक्षयाला सकाळी एक मुलाखत घाईने पाठवायची होती. तिने जाड्या हेडफोनची पिन उपटली, बारक्यांची घातली, कानात बसवले आणि लॅपटॉप उघडून मुलाखत सुरू केली. खिटी वर होती. बटण शेवटाला होतं.

मला थांबता येत नाही. आकडे आले की मी त्यांचा आवाज करतो आणि सांगितलेला जोर देतो. त्या सकाळी फुंकरीने वाजणाऱ्या त्या दोन दाण्यांत मी बोटीचा सगळा जोर ओतला. अक्षया किंचाळली, तिने वायर ओढून काढली आणि डावा कान धरून जमिनीवर बसली.

लवू धावत आले. "काय झाला गो? काय चावला?"

"कानात शिट्टी वाजता, बाबांनू. तुमी बोलतास ता लांबसून येता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग बटणाकडे. त्यांना कळलं. मला वाईट वाटलं, ते इथे सांगून टाकतो. बटण मागे फिरवायचं लवूंचं राहिलं, ते बघायचं अक्षयाचं राहिलं, पण आवाज गेला तो माझ्यातून.

कुडाळच्या डॉक्टरांनी कान तपासला. पडदा शाबूत आहे, आतल्या भागाला धक्का बसलाय, म्हणाले. पंधरा दिवस कानात काही घालायचं नाही, मोठ्या आवाजापासून लांब राहायचं. शिट्टी जाईल का, असं अक्षयाने विचारलं. "बहुतेक जाईल, पण खात्रीने आत्ताच सांगता येणार नाही," असं ते म्हणाले. पुण्याच्या संस्थेने पंधरा दिवस दिले.

अक्षयाला स्वतःच्या कानाइतकीच सासऱ्यांची काळजी लागली. "बाबांनू, तुमी तुमचा ऐका. त्यो मदलो तुकडो ऱ्हवलो हा," ती म्हणाली.

"मी त्या डब्याक हात लावचंय नाय," लवू म्हणाले.

त्यांनी खरंच हात लावला नाही. माझ्यावर एक पंचा टाकला. त्या पंच्याखाली मी तीन आठवडे होतो. महादूंच्या गाऱ्हाण्यातली दहा-बारा सेकंदं तशीच राहिली आणि नारळी पौर्णिमा आली.

किनाऱ्यावर मी नव्हतो. तिथे काय झालं ते मला पुढे कळलं, कारण अक्षयाने फोनवर भरून आणलेला तो आवाज माझ्यातूनच गेला. ती ढोलांपासून लांब, वर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडोशाला उभी होती. एवढ्या लांबूनही लवूंचा शब्दन् शब्द फोनात आला आहे. इंजिनाने कान खाल्ले, गळा मात्र तयार करून दिला.

सुरुवात त्यांनी दादासारखी केली. वाडीचं नाव, होड्यांची नावं, पोरंबाळं, जाळ्यात गावणारी मासळी. प्रत्येक वेळी वाडीचं 'व्हय म्हाराजा'. मग तो मधला भाग आला आणि लवू थांबले. नुसती लाटांची खळखळ ऐकू येते. तेवढ्यात ते म्हणाले, "बा म्हाराजा, हयसर दादा काय बोला होतो ता माका गावाक नाय. म्हणान माझा सांगतंय. माझ्या हातसून चूक झाली. माझ्या सुनेच्या कानाक दुखापत झाली. घर तिच्या त्या कानार चलता. तिचो कान बरो कर. माझे आसत ते घे व्हये तर, पण तिचो बरो कर म्हाराजा!"

वाडीला कळेना. घडीभराने एकाने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं. पुढचं गाऱ्हाणं लवूंनी न अडखळता पुरं केलं.

घरी येऊन मात्र ते खंतावून बसले. दादाचं गाऱ्हाणं आपण मोडलं, देवाच्या कामात घरचं रडगाणं आणलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. जेवले अर्धवट. अक्षयाने समजावलं, पण ते मान हलवत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलेले पंधरा दिवस गेले. शिट्टी आधी बारीक झाली, मग अधूनमधून, आणि आणखी एका आठवड्याने डॉक्टरांनी कान पुन्हा तपासून परवानगी दिली. दिवसाला तासभर, तोही हळू आवाजात. अक्षयाने माझ्यावरचा पंचा काढला. खिटी खाली केली. बटण शून्यावर आणलं. पिन घातली. मग कान. पहिल्यांदा तिने किनाऱ्यावरचा तो आवाज ऐकला, आणि मग महादूंचा लावला.

दुपारची वेळ होती. त्यातच वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला, आणि स्वस्तातल्या चार्जरमुळे माझ्यात जी बारीक घुरघुर शिरायची तीही थांबली. लॅपटॉप बॅटरीवर, मी लॅपटॉपवर. अक्षयाने आवाज वाढवला नाही. उलट थोडा कमी केला आणि तो मधला तुकडा डोळे मिटून ऐकला. तीनदा ऐकला. मग उठून सासऱ्यांना हाक मारली.

लवू यायला तयार नव्हते. तिने त्यांना हाताला धरून बसवलं. जाडे हेडफोन घातले, खिटी वर केली, बटण शून्यावरून अगदी सावकाश चढवत नेलं. "आता खरखरीकडे लक्ष नको. दादांचो आवाज खाली गेलो की तेच्या मागसून जावा," ती म्हणाली.

महादूंच्या गाऱ्हाण्यात तिथे हरवलेले शब्द नव्हतेच. महादू तिथे विसरले होते. मान वळवून ते शेजारच्याला हळूच विचारत होते, "लवू, फुडला काय रे?"

आणि बावीस वर्षांपूर्वीचा लवूंचा तरणा आवाज कानाशी लागून सांगत होता, "सुचात ता बोल, दादा. दर्याक कळता."

लवूंनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला नाही. ते तसेच बसून राहिले, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

मी अजून याच घरात आहे. पाठीवर नवी पट्टी आहे, या वेळी अक्षयाने ती दोऱ्याने बांधली आहे. माझं एवढंच मागणं आहे: मला कितीही ओळखत असलात तरी रोज पहिल्यांदा माझ्या बटणाकडे बघा, कारण नको म्हणायला मला येत नाही.

त्या दुपारी लवूंनी हेडफोन काढले, माझ्यासमोर ठेवले आणि लॅपटॉप मिटला. उठता उठता थांबले. खाली वाकून त्यांनी आपल्या राकट बोटांनी बटण धरलं आणि शून्यावर टक वाजेपर्यंत मागे फिरवलं.

"कॉक बंद," ते म्हणाले, आणि मी या घरात आल्यापासून पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले.