खांडेनवमीचा मानकरी

मी दहा किलोचा डंबेल बोलतोय. अंगापिंडाने लोखंडी आहे, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला साहिलने जरीपटका भागातल्या बाजारातून आणलं. कॉलेजात होता, दंड कमवायचे होते. चार दिवस आरशासमोर फोटो काढले आणि आम्हाला पलंगाखाली ढकललं. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला. भाऊ कूलरच्या स्टँडखाली टेकू म्हणून लागला, माझी बदली गच्चीवर झाली. तिथे कुरड्या वाळत घातल्या की साडी उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर मी बसायचो. खांडेनवमीला मात्र साहिलची आजी गिरजाबाई मला न चुकता देवापुढे मांडायच्या. विळी, पाना, शिलाई मशीन आणि मी! वर्षभर कुणी हात लावायचं नाही आणि त्या दिवशी डोक्यावर झेंडूचं फूल. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गेल्या चैत्रात गिरजाबाई न्हाणीघरात पडल्या. लागलं नव्हतं, पण उठता येईना. मुलगा रुपराव उमरेडच्या खाणीत ड्यूटीवर. सून प्रेमिला पन्नाशीची, शाळेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणारी. तिने जीव खाऊन ओढलं, पण सासू हलेना. शेवटी शेजारच्या दोघा बाप्यांना हाका माराव्या लागल्या. ओल्या लुगड्यात परक्या पुरुषांनी उचललं, ते म्हातारीच्या फार जिव्हारी लागलं. तिने पाणी पिणंच कमी केलं. भर वैशाखात ओठ सुकलेले असायचे.

"आई, पाणी काहून नाई पिऊन राहिल्या तुमी?"

"पाणी पेलं का न्हाणीत जा लागते. पडली तं कोन उचलन मले? तेच बाप्ये?"

प्रेमिला तडक उठली. गच्चीवर आली आणि मला उचलायला गेली. दोन्ही हात लावूनही मी तिच्या पायावर पडता पडता राहिलो. मग ती गल्लीतल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. कमरेने नाही, मांड्यांनी उचलायचं, हे शिकली. आधी पाण्याच्या बाटल्या, मग गच्चीवरून खाली आणलेला मी. मला छातीशी धरून स्टुलावर बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. घामाने निथळायची बिचारी. किती वर्षांनी कुणी मला घट्ट धरलं होतं!

"या वयात पैलवान व्हाचं हाय काय वं तुले?" सासू विचारायची.

"हो," ती धापा टाकत म्हणायची.

भाद्रपदात एका दुपारी गिरजाबाई पलंगावरून उतरताना घसरून खाली बसल्या. घरात दोघीच. प्रेमिलाने आधी विचारलं, "कुठं दुखून राहिलं काय?" म्हातारीने मान हलवली आणि भीतीने दाराकडे पाहिलं. प्रेमिला समोर उकिडवी बसली. मला धरायची तसं सासूला छातीशी धरलं, पाय रोवले आणि उठली. सासूही उठली! दोघी तशाच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी कोपऱ्यातून पाहत होतो आणि मला रडू येत होतं. लोखंडाला येत नाही म्हणतात, पण आलं.

"पाणी दे वं," गिरजाबाई म्हणाल्या. "मोठा गिलास भरून."

आज खांडेनवमी. यंदा मी ताठ मानेने रांगेत बसलो होतो, कारण मान कमावला होता. गिरजाबाई कुंकवाचं ताट घेऊन माझ्यापाशी आल्या, थांबल्या आणि वळल्या.

"प्रेमिला, हात कर इकडं."

तिच्या दोन्ही तळहातांवर त्यांनी हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. "माहा भरोसा तं याच्यावर हाय," म्हणाल्या.

तुमच्या पलंगाखालीही माझा एखादा भाऊबंद धूळ खात असेल. त्याची पूजा नाही केली तरी चालेल, पण त्याला उचला. मला यंदा ताटातलं कुंकू लागलं नाही, पण त्याचं वाईट वाटत नाही. प्रेमिला पदर खोचून इकडेच येतेय, आणि तिच्या हातावरचं कुंकू अजून पुसलेलं नाही.