राहिलेल्या कामाची टोपली

"हे 'राहिलं' म्हणजे काय?" वहीवर बोट ठेवून डॉक्टर शेषगिरींनी कानडीत विचारलं.

वही नरहरींच्या हातची होती, गोळीने मुलाचं काम किती पुरं होतं ते रोज टिपायला डॉक्टरांनीच सांगितलेली. अक्षरं कानडी आणि भाषा मराठी. म्हैसुरात चार पिढ्या काढलेल्या शिंप्याच्या घरात दुसरं काय होणार? शाळा कानडीत झालेली, देव आणि भांडणं मात्र मराठीत. त्यामुळे डॉक्टरांना अक्षर न् अक्षर वाचता येत होतं, अर्थ मात्र लागत नव्हता.

"राहिलं म्हणजे उळिदिद्दु," नरहरी म्हणाले. "जे काम पुरं झालं नाही ते."

"असं होय." डॉक्टर पान उलटून वाचू लागले. त्यांच्या तोंडी मराठी शब्द जरा वाकडे पडत होते. "सोमवार, हेम दोन, राहिलं. मंगळवार, हुक सहा, राहिलं. बुधवार, काजं चार, राहिलं." मग त्यांनी समोर बसलेल्या रंगनाथकडे पाहिलं. "वीस मिलिग्रॅमची गोळी सुरू केली तेव्हा पहिले चार दिवस काहीच राहिलं नव्हतं. नंतर पुन्हा रोज राहतंय. म्हणजे वीस पुरत नाही. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

एक्कावन्न वर्षांच्या रंगनाथने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या वडिलांच्या हातांकडे पाहिलं.

"अप्पा लिहितात ते खरं," तो म्हणाला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि तीस लिहून दिली. छाती धडधडली, झोप उडाली तर पंधरा दिवसांची वाट न बघता फोन करा, असं दोनदा बजावलं. रंगनाथने मान हलवली. माणूस कबूल करायला कधीच मागे नसे.

देवराज मोहल्ल्यात बायकांची ब्लाउजं शिवणारे पुष्कळ आहेत, पण रंगनाथसारखी कापणी कुणाची नाही हे त्याचे वैरीही मान्य करत. खांद्यात एक सुरकुती पडायची नाही. घोडं अडायचं ते पुढे. ब्लाउज कापून झालं, टीप मारून झाली, की त्याचं मन उठून दुसरीकडे चालू लागायचं. काठ दुमडून घालायची हेम अर्धी, हुक अर्धे, आणि हा तिसऱ्याच कापडावर खडूच्या रेघा मारतोय. कात्री शेजारच्या सराफाच्या दुकानात सापडायची. एकदा तर एका नवरीचं ब्लाउज एकाच बाहीचं बांधून दिलं होतं. तिच्या आईने दुकानात येऊन जे सुनावलं ते मोहल्ल्यात अजून सांगतात.

तरी दुकान चाललं, कारण कोपऱ्यात नरहरी बसत आणि त्यांच्या पायाशी वेताची टोपली असे. मुलाने अर्धवट सोडलेलं दिवसभर त्या टोपलीत पडायचं आणि नरहरी एकेक उचलून हातशिलाईने पुरं करायचे. अशी तीस वर्षं गेली. गिऱ्हाइकांना वाटे, बापलेकांनी काम वाटून घेतलंय. बापानेही तो समज कधी मोडला नाही.

मग गेल्या वर्षी बंगळूरला नोकरी करणाऱ्या लक्ष्मीचा, रंगनाथच्या मुलीचा, फोन आला. तिचं ऑफिसात लक्ष लागेना म्हणून ती डॉक्टरकडे गेली होती आणि त्यांनी त्या दुखण्याला एडीएचडी असं नाव दिलं होतं. "डॉक्टर विचारले, घरात आणखी कोणी असं आहे काय. मी आधी खूप हसले, मग रडले," ती म्हणाली. तिच्याच हट्टापायी रंगनाथ सरस्वतीपुरमच्या ह्या खासगी दवाखान्याची पायरी चढला. हे वेंधळेपण नाही, आळस नाही, जन्मापासूनचं आहे आणि त्याला औषध आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी घरी येताना नरहरी रिक्षाच्या दांड्याला धरून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "लहानपणी तुला गजाच्या पट्टीनं मारलो मी. किती मारलो. कोणाला ठाऊक होतं रे तेव्हा?"

"जाऊ दे अप्पा," रंगनाथ म्हणाला. पण त्याला ते फार लागलं. पन्नास वर्षांत कुणी त्याची अशी माफी मागितली नव्हती.

दहाच्या गोळीने थोडाच फरक पडला. वीसची मात्रा मात्र लागू पडली. ब्लाउज हातात घेतलं की शेवटच्या हुकापर्यंत हातातच राहू लागलं. डोक्यात बाजार भरलेला असायचा, तो उठला. दिवेलागणीला रंगनाथने पाहिलं तर समोर सात ब्लाउजं, सातही पुरी, घडी घातलेली. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. वडिलांना दाखवावं म्हणून तो वळला.

नरहरी टोपलीत हात घालून चाचपत होते. टोपली रिकामी होती. त्यांनी ती उचलली, उलटी केली, तळावर दोनदा थापट मारली आणि परत खाली ठेवली.

"आज काही राहिलं नाही काय?"

"नाही अप्पा. सगळं आयतु, झालं."

"बरं झालं. देव पावला." ते हसले. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोरचा रस्ता बघत बसले.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ते दुकानात तासभर उशिरा आले. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या मी येत नाही. गुडघे दुखतात. सुम्मने, उगाच येऊन काय करू?" सुनेने, जानकीने, वाढलेल्या भातातला निम्मा तसाच टाकून ते उठले. नरहरींनी पान टाकलेलं त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी रंगनाथनेच त्यांना गळ घालून नेलं आणि दोन ब्लाउजांची हेम मुद्दाम सोडून ती टोपलीत टाकली. नरहरींच्या हाताला कापड लागलं मात्र, त्यांनी सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान बोटात चढवलं. "बघ, राहिलंच की," ते जवळजवळ आनंदाने म्हणाले. सांजेला त्यांनी डॉक्टरांच्या वहीत इमानाने लिहिलं: हेम दोन, राहिलं.

तिथेच सगळं चुकलं, आणि चुकलं हे रंगनाथला कळतही होतं. डॉक्टर ज्या वहीवरून गोळी वाढवणार, त्या वहीत वडिलांचं समाधान लिहिलं जात होतं. पण डॉक्टरांना खरं सांगायचं तर वडिलांच्या देखत सांगायला हवं, कारण ते प्रत्येक खेपेला बरोबर येत. अप्पा, तुमची आता गरज नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

भरीला, नरहरींचे टाके आता टाके राहिले नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नजर अधू होती. सुईत दोरा ओवता येत नसे म्हणून रंगनाथ रोज सकाळी दहा सुया ओवून सुयांच्या छोट्या गादीला टोचून ठेवी. ते शिवत ते वेडंवाकडं, कुठे घट्ट, कुठे सैल. रंगनाथ सकाळी लवकर दुकान उघडून ते सगळं उसवायचा, पुन्हा शिवायचा आणि नरहरी दहाला येण्याआधी घडी घालून ठेवायचा.

तीसची गोळी सुरू झाली आणि चौथ्या दिवसापासून छाती धडधडू लागली. तोंड सुकायचं. भूक मेली. एकेक काज तो आठ-आठ वेळा उसवू लागला, कारण नजरेला कुठलंच सरळ दिसेना. रात्री पाठ टेकली की उशीत मशीन चालू असल्यासारखं ऐकू यायचं. पँट कमरेत सैल झाली. शिंप्याला ते सांगायला आरसा लागत नाही.

"अहो, डॉक्टरांना फोन करा की," जानकी म्हणाली.

"जायचंच आहे शनिवारी. नऊ दिवस, अष्टे, तेवढेच."

"आणि मामंजींना सांगा एकदा. ते काय लहान आहेत?"

"तू सांगतीस?"

जानकी ताटं उचलू लागली. तिच्यानेही ते झालं नसतं.

शनिवारच्या आदल्या आठवड्यात अंबुबाई दुकानात आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, जुन्या गिऱ्हाईक. नवं ब्लाउज त्यांनी नरहरींच्या मांडीवर ठेवलं. "ह्या वयात काय हात आहे हो तुमचा. इतकी बारीक हेम मशीनला जमणार नाही."

नरहरींनी कापड हातात घेतलं. अंगठ्याने आणि तर्जनीने ते हेमवरून टोकापासून टोकापर्यंत सावकाश गेले, मग पुन्हा एकदा गेले. रंगनाथने मशीनवरून पाहिलं आणि त्याचा पाय थांबला.

"चांगली बसली आहे," नरहरी म्हणाले आणि ब्लाउज परत दिलं.

त्या सांजेला वही उघडून बराच वेळ बसले. मग लिहिलं: हुक चार, हेम एक, राहिलं. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. रंगनाथने सुटकेचा श्वास टाकला. अप्पांना कळलं नाही, असं त्याने स्वतःला पटवलं. ज्याला जे हवं ते पटायला वेळ लागत नाही.

शनिवारी डॉक्टरांनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, पाच मिनिटं थांबून पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"एकशे सत्तर. नाडी एकशे अठरा. फोन का केला नाही तुम्ही?"

रंगनाथ सदऱ्याची बाही खाली ओढू लागला.

डॉक्टरांनी वही चाळली. "आणि काम रोज राहतंच आहे. म्हणजे फायदा नाही आणि शरीराला अपाय. हे औषध तुम्हाला मानवत नाही. आपण ते बंद करू."

बंद. जन्मात एकदाच, त्या चार दिवसांत, रंगनाथला आपलं डोकं आपलं वाटलं होतं. सात पुरी ब्लाउजं त्याच्या डोळ्यांपुढे आली. तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही, पण शेजारच्या खुर्चीवर म्हाताऱ्याचा उबदार खांदा त्याच्या खांद्याला टेकला होता, आणि त्याने ते तसंच मिटलं.

"डॉक्टर," नरहरी म्हणाले. ते कानडीत बोलू लागले, ठाय लयीत, दवाखान्यात बोलतात तसं जपून. "औषध बंद करू नका. वीसच त्याला बरोबर होतं. वहीत मी लिहिलं ते खोटं आहे."

"खोटं म्हणजे? काम राहत नव्हतं?"

"राहत होतं. पण ते राहिलेलं त्याचं नव्हतं. माझं होतं." त्यांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "माझ्यासाठी तो ठेवत होता. म्हाताऱ्याच्या हाताला काही तरी हवं म्हणून. मी शिवलेलं सकाळी उसवून परत शिवत होता. मला आठ दिवसांमागे कळलं. एका बाईंच्या ब्लाउजाला हात लावला. ते टाके माझे नव्हते, माझे टाके इतके चांगले आता नसतात."

"आठ दिवसांमागे?" डॉक्टर हळूच म्हणाले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

नरहरींनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग ते मुलाकडे वळले आणि मराठीत आले.

"मला टोपली सोडवेना रे, रंगा. तू रोज वाळत चाललास ते दिसत होतं मला. तेवढं दिसतं अजून. तरी लिहीत राहिलो. लहानपणी मारलो ते नकळत होतं. हे कळून केलो."

रंगनाथने वडिलांचा हात धरला आणि तो रडला. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मराठी त्यांना येत नव्हती, पण ह्या वेळी त्यांनी अर्थ विचारला नाही. थोड्या वेळाने त्यांनी तीस खोडून वीस लिहिलं, तेही आधी दोन दिवस काही न घेता, रोज रक्तदाब पाहून.

मंगळवारी वीसची गोळी पुन्हा सुरू झाली. आठवडाभरात आकडा खाली आला, भूक परतली. नरहरी रोजच्यासारखे दहाला दुकानात येत. एका सांजेला रंगनाथच्या हातात शेवटचं ब्लाउज होतं आणि त्याचे दोन हुक लावायचे होते. त्याचा हात सवयीने टोपलीकडे वळला.

"बेडा, नको," नरहरी न बघताच म्हणाले. "ते तूच लाव."

त्याने लावले. मग नरहरींनी वही मागून घेतली आणि कानडी अक्षरांत, ओळ चढू न देता, लिहिलं: काही राहिलं नाही. वही मिटली. बोटातलं अंगुस्तान काढून टोपलीत ठेवलं. साठ वर्षं ते बसायचं तिथली कातडी पांढरी, लहान मुलासारखी मऊ होती. ते तिच्यावरून थोडा वेळ अंगठा फिरवत राहिले.

मग त्यांनी सुयांची गादी मांडीवर घेतली. रंगनाथने सकाळी ओवून ठेवलेल्या दहाही सुया तशाच होत्या. नरहरी एकेका सुईतला दोरा चाचपून काढू लागले, बोटांनी सरळ करू लागले आणि रिळाला परत गुंडाळू लागले. दोरा वाया जाऊ नये म्हणून.

रंगनाथने मशीन चालूच ठेवली. खाली कापड नव्हतं. पण मशीन थांबली असती तर, हा आपल्याकडे बघतोय हे ओळखून अप्पांनी वर पाहिलं असतं.