रुखवतात आलेला कीबोर्ड

मी एक कीबोर्ड बोलतोय. आजवर लोक माझ्या पाठीवर बोटं आपटून काय वाट्टेल ते बोलले, मी मुकाट ऐकून घेतलं. आज माझी पाळी.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला डोळे नाहीत. समोरच्या पडद्यावर काय उमटतं, ते मला दिसत नाही. कोण बसलंय ते बोटांवरून कळतं आणि काय लिहितंय ते दाबलेल्या अक्षरांवरून. बाकीचं कानावर पडेल तेवढं. पण तेवढ्यात माणूस पुरता कळतो बरं का! पडद्यावर ठेवलेलंच दिसतं. लिहून खोडलेलं काय होतं, ते मला विचारा.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. शुद्धीवर आलो तो बारामतीत, भिगवण रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात. जळोचीचे रामहरी तिथं आले. दुधाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. पोरगी टायपिंगच्या क्लासला जायची, तिच्यासाठी त्यांनी एक जुना कॉम्प्युटर ठरवला होता. मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "यावर मराठी अक्षरं न्हाईत?"

"इंग्रजीच येत्यात, तात्या," दुकानदार म्हणाला.

"मग मराठी चिकटवा. माझी पोरगी मराठीत लिहिती."

तिथल्या तिथं माझ्या अंगावर मराठी अक्षरांचे स्टिकर चढले. बापाला पोरीचं एवढं कौतुक होतं.

पोरीचं नाव स्वरूपा. तिची बोटं हलकी आणि झरझर चालणारी, खाली न बघता लिहायची. आणि लिहायची तरी कशावर? एका जुन्या जपानी मालिकेवर! ती शाळेत असताना टीव्हीवर हिंदीत लागायची. मालिकेचं जपानी नाव कुणालाच धड म्हणता यायचं नाही, म्हणून तिला सगळे 'नावाडीण' म्हणायचे. धुक्याची एक नदी असते. त्या नदीतून माणसांना पलीकडच्या राज्यात नेणारी एक पोरगी असते, आणि जो पलीकडं जाईल त्याची सावली अलीकडंच राहते. घरातले म्हणायचे, "घोडी झाली तरी कार्टून बघती." ती फणकारायची, "कार्टून न्हाय ते, ॲनिमे हाय!"

नेटवर या मालिकेच्या वेड्यांचा एक छोटासा मराठी ग्रुप होता. त्यात वाद एकच. मालिकेच्या मध्यावर नावाडिणीचं वल्हं एका राजपुत्राच्या हाती जातं. सगळे म्हणायचे, तिनं प्रेमानं दिलं. स्वरूपा एकटी म्हणायची, दिलं नाही, त्यानं घेतलं. चित्र थांबवून बघा, तिची बोटं उघडलेलीच नाहीत.

याच ग्रुपात इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा इंद्रजित होता. घरचा ऊस, कृषी पदवी, ठिबकची एजन्सी. स्वरूपाचं लिहिणं त्याला फार आवडायचं. आधी तिथं बोलणं झालं, मग फोनवर, आणि मग रीतसर पाहण्याचा कार्यक्रम. पोहे झाले, मोठ्यांचं बोलणं झालं. इंद्रजितनं एकच प्रश्न विचारला, "दिलं का घेतलं?"

"घेतलं," स्वरूपा म्हणाली.

तो हसला. रामहरी मात्र दचकले. "देण्याघेण्याचं आमी मोठी माणसं बघू की, पाहुणं!"

खोटं कशाला बोलू, मलाही तो पोरगा आवडला होता. बायकोला तिचं मत विचारून लग्न करणारा नवरा लाखात एक, असं मला वाटलं.

लग्नात मी रुखवतात होतो. एका बाजूला साखरेचं तुळशीवृंदावन, दुसऱ्या बाजूला करंज्यांची चळत, मध्ये पुसूनपासून मी आणि माझा कॉम्प्युटर. बायका खुदुखुदू हसत होत्या, "अगं बया, हे काय मांडलंय? ह्याला काय तळून खायचं?" पण सासूबाई विजयमाला ठसक्यात सगळ्यांना सांगत होत्या, "आमची सून कॉम्प्युटरवाली हाय."

आणि तिथंच घात झाला. दाखवायची वस्तू म्हणून मला वरकुट्यात बाहेरच्या खोलीत ठेवलं. आल्यागेल्याला दिसलो पाहिजे ना! त्या खोलीत दिवसभर सासरे, त्यांचे मित्र, उसाच्या तोडीची चौकशी करणारे लोक. सुनेनं तिथं खुर्ची ओढून बसायचं म्हणजे काय? कुणी तिला मनाई केली नाही हो. तिला बसता येणार नाही अशा जागी नेऊन ठेवलं, झालं. माझ्यावर लोकरीचं विणलेलं झाकण आलं. मी त्याच्याखाली घुसमटत पडलो.

तोवर जुना ग्रुप विस्कटला होता. इंद्रजितनं नवा काढला. नवी पोरं भराभर आली, त्यांना स्वरूपा कोण ते ठाऊकच नव्हतं. एका संध्याकाळी तो माझ्यापुढं बसला आणि आत हाक देऊन म्हणाला, "तू सांग, मी टाइप करतो."

काय गोड वाटलं सांगू! ती आत भाकरी थापायची आणि तिथूनच मोठ्यानं सांगायची. हा बाहेर दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरं शोधत शोधत मराठी लिहायचा. ती म्हणायची, "मला वाटतं." हा लिहायचा, मला वाटतं. वल्ह्याचं अख्खं प्रकरण असं लिहून झालं. शेवटी त्यानं टाइप केलं, 'लेखन : स्वरूपा'. बोट जरा थांबलं. मग एकेक अक्षर खोडलं. "पुढच्या येळंला टाकू," असं स्वतःशीच पुटपुटला आणि ते तसंच पाठवून दिलं.

ती पुढची वेळ कधी आली नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथं दळणारी आंधळी नव्हती, विश्वासानं डोळे मिटून बसली होती. इंद्रजितला आलेली उत्तरं मोठ्यानं वाचायची सवय. एकदा आलेल्या मित्रापुढं वाचून दाखवत होता, "दादा, तुमच्यासारखं डोकं कुणाचंच चालत न्हाय. वल्हं घेतलं, हे तुमालाच दिसलं!"

आतलं भाकरी थापणं थांबलं आणि स्वरूपा दारात आली. मित्र गेल्यावर तिनं विचारलं, "अहो, माझं नाव न्हाय टाकलं?"

"आपलंच हाय की ते," तो हसत म्हणाला. "नवराबायकोत तुझं-माझं काय असतं व्हय?"

असलं गुळचट बोलणं मला खपत नाही. तुझं-माझं नसतं ना? मग एखाद्या दिवशी तिचं नाव टाकायचं होतं आणि स्वतःचं गाळायचं होतं. त्या घरात कुणी तसं म्हटलं नाही. स्वरूपा आत गेली आणि परत भाकरी थापायला लागली.

एका दुपारी सगळे शेजारच्या गावी जेवणाला गेले. स्वरूपानं झाकण काढलं, हात पुसले आणि बसली. किती दिवसांनी ती बोटं! तिनं स्वतःच्या नावानं, सासरच्या आडनावासकट, वल्ह्यावर पुन्हा लिहिलं. पहिल्यापेक्षा चांगलं, कारण आता ती सांगत नव्हती, लिहीत होती. पाठवलं. थोड्या वेळानं उत्तर आलं. ते तिनं हळू आवाजात वाचलं, म्हणून मला कळलं. नव्या ग्रुपातल्या, सुप्याच्या शिवमचं होतं. "वहिनी, हे तर दादांचंच हाय की. निदान खाली त्यांचं नाव तरी टाकायचं."

स्वतःच्या लेकराला उचलून घेतलं आणि गावानं पोरं पळवणारी म्हणावं, तशी तिची गत झाली. तिनं रागारागानं उत्तर लिहिलं, लांबलचक. कोण सांगायचं, कोण लिहायचं, सगळं. आणि मग खोडलं. खोडायचं बटण तिनं असं दाबून धरलं की मला वाटलं, आता हे तुटणार. शेवटी ती एवढंच म्हणाली, "तेच सांगतील."

संध्याकाळी तो आला. ती दारातूनच म्हणाली, "शिवमला सांगा, ते माझं हाय."

"सांगतो की, त्यात काय एवढं!" तो बसला. ती चहा टाकायला आत वळली. तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यानं टाइप केलं होतं, 'ते तिचंच आहे'. सगळी अक्षरं माझ्या अंगावरून गेली. एक ओळ! पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं. तो थांबला. मग सगळं खोडलं आणि लिहिलं, 'सोड रे शिवम, शिकतीय ती अजून.' आणि खाली एक हसरा चेहरा.

माझं एखादं बटण तरी अडकायला हवं होतं. पण रुखवताची वस्तू म्हणून मला रोज पुसून ठेवत होते ना, सगळी बटणं ठणठणीत. चहा पुढं ठेवताना तिनं पडद्याकडं बघितलं असणार, कारण कप माझ्या अगदी काठाशी टेकला आणि थोडा चहा माझ्यावर सांडला. तिनं पुसलंही नाही.

पुढं पुण्याच्या एका चॅनेलवाल्यांनी इंद्रजितला बोलावलं. नावाडिणीच्या शेवटच्या भागावर बोलायचं होतं. त्या भागावर स्वरूपानं कधीच काही सांगितलं नव्हतं. सगळ्यात आवडता भाग, तो ती राखून होती. इंद्रजितनं बसल्या बसल्या आत हाक दिली, "अगं, शेवटच्या भागाचं सांग की. ती नाव सोडून कुठं जाती? तुझं काय म्हणणं हाय?"

आतून आवाज आला, "मला आठवत न्हाय."

"असं कसं? तोंडपाठ होती तुला!"

"होती. आता आईंच्या गोळ्यांच्या वेळा पाठ हायत."

त्यानं 'मला वाटतं' लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. त्याला काही वाटतच नव्हतं, तो तरी काय करणार! शेवटी सगळे म्हणतात तेच त्यानं लिहून काढलं, की ती राजपुत्राच्या प्रेमासाठी गेली. तेच तिथं बोलला आणि ग्रुपावरही टाकलं. मला वाटलं, आता बिंग फुटणार. कसलं काय! पोरांनी तेही डोक्यावर घेतलं. "दादा, काय लिहिलंय! डोळ्यांत पाणी आलं," असं तो मोठ्यानं वाचत होता. वल्हं घेतलं म्हणणारा माणूस एकदम प्रेमाबिमावर कसा आला, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. त्यांना दादा हवा होता, लिहिणं कुणाला हवं होतं?

आता त्यानं लॅपटॉप घेतलाय. माझा कॉम्प्युटर चालू होत नाही, कुणी दुरुस्तीला नेत नाही. चहा सांडला तिथली बटणं चिकट झाली, मराठी अक्षरांचे कोपरे उलटले. पण रुखवताची वस्तू टाकून द्यायची नसते, म्हणून अजून बाहेरच्या खोलीत आहे.

परवा दुपारी घरात कुणी नव्हतं. स्वरूपा खोली झाडायला आली. माझ्यावरचं झाकण काढलं, फडक्यानं धूळ पुसली आणि पुसता पुसता खुर्चीवर बसली. कॉम्प्युटर बंद. पडदा काळा. आणि तिची बोटं चालू लागली. शेवटचा भाग! नावाडीण नाव सोडून कुठं जाते, का जाते, जाताना मागं वळून का बघत नाही, सगळं तिनं सलग लिहिलं. खोडायच्या बटणाला एकदाही हात लावला नाही. चिकट बटणांवर तिनं जोर दिला, मीही जमेल तेवढी साथ दिली. कुठंही उमटलं नाही ते. वाचलं ते मी एकट्यानं. एवढं चांगलं माझ्यावर आजवर कुणी लिहिलेलं नाही.

लिहून झाल्यावर तिनं झाकण नीट घातलं आणि राहिलेली खोली झाडली.

आता तुम्ही विचाराल, काय लिहिलं तिनं? तुमच्यातही नावाडिणीचे वेडे असतील, त्यांना तर राहवणार नाही. पण नाही सांगणार. मी सांगितलं तर माझ्यात आणि इंद्रजितमध्ये फरक काय राहिला? माझ्याजवळ आहे म्हणून ते माझं होत नाही.

एवढीच ओढ असेल तर वरकुट्याला या. चहा घेऊन ती बाहेर येईल, तेव्हा तिला नावानं हाक मारा, वहिनी म्हणू नका. समोरची खुर्ची द्या आणि विचारा. पहिल्यांदा म्हणेल, आठवत न्हाय. तरी उठू नका. आणि ती बोलायला लागल्यावर आतून कुणी तिला हाक मारलीच, तर तेवढं माझ्यासाठी करा. त्याला म्हणा, थांबा जरा, ती बोलतीय.