नूतनच्या हातावर बांधलेलं घड्याळ

म्हसावदच्या हेमकांत पाटलाचा घरात एक नियम होता. पुरुष माणूस दमून घरी आला की त्याच्यासमोर कोणी तोंड उघडायचं नाही. तो तळोद्याला एका कार्यालयात कारकून होता. दिवसभर साहेबापुढे "हो साहेब, करतो साहेब" करायचं आणि संध्याकाळी मोटारसायकल अंगणात लागली की घर डोक्यावर घ्यायचं. चहा गार का, चपला उंबऱ्यात का, लेकीच्या, काजलच्या हातात मोबाइल का, आणि काही सापडलं नाही तर सगळे गप्प का!

हात मात्र त्याने कधी उगारला नाही आणि याचा त्याला भारी अभिमान. "मी बायकोला बोटसुद्धा लावत नाही. दुसऱ्यांची घरं बघून या जरा," असं तो पारावर बसून सांगायचा. जसं काही नूतनवर उपकारच करत होता. वाचकहो, ओळखीचा वाटतो ना हा गृहस्थ? वाटणारच, कारण तो काही एकट्या म्हसावदात राहत नाही.

दिवाळीत त्याने मनगटावर बांधायचं नवं घड्याळ घेतलं. ते चालणं मोजायचं, झोप मोजायचं, काळजाचे ठोके मोजायचं आणि सगळं मोबाइलवर रेघ काढून दाखवायचं. हेमकांतला त्याचं वेडच लागलं. जेवण झालं की रेघा बघायच्या, सकाळी कार्यालयात शेजारच्याला दाखवायच्या. पण एक गोष्ट त्याला खुपायला लागली. दिवसभर सपाट चालणारी ठोक्यांची रेघ संध्याकाळी घरी आल्यावर एकदम वर चढायची.

त्याचे वडील हृदयविकारानेच गेले होते. हेमकांतचं धाबं दणाणलं. तो शहाद्याच्या डॉक्टरांकडे पळाला. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. रागावता फार का हो?"

"छे, छे," हेमकांत म्हणाला. "घरी तर मी आरामच करतो."

बाहेर पडता पडता त्याने निकाल लावून टाकला. काम करताना ठोके नीट आणि खाटेवर बसल्यावर जास्त, असं कुठे असतं का? खराब आहे ते घड्याळच. पण दुकानदाराला पटवायचं तर पुरावा पाहिजे, म्हणून घरी येऊन त्याने घड्याळ नूतनपुढे धरलं.

"हाई बांध हातले. आठ दिवस काढानं नही."

"कसाले?" नूतनने विचारलं.

"बांध सांगं ना तुले!"

तिने बांधलं. घरात, शेतात, गोठ्यात ते तिच्या हातावर राहिलं. आठवड्याने हेमकांतने मोबाइल उघडला आणि त्याचा चेहरा फुलला. नूतनची रेघही संध्याकाळीच चढत होती, त्याच्यापेक्षाही उंच.

"दख, तुन्हं बी तसंच शे! माले पहिलेच माहीत व्हतं, घड्याळच खराब शे."

नूतनने रेघ बघितली. मग नवऱ्याकडे बघितलं. आणि ती भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी हेमकांत तळोद्याच्या बाजारात भाग्येशच्या मोबाइलच्या दुकानात उभा राहिला आणि तिथे त्याने तोफच डागली. गिऱ्हाइकांना फसवता, खोटा माल विकता, वगैरे वगैरे. भाग्येश बिचारा समजावत होता, "काका, बदली देसू, पन खराबी दखाडा तरी."

दुकानात स्टुलावर पार्वतीबाई बसल्या होत्या. म्हसावदच्या शाळेत त्यांनी हेमकांतला शिकवलेलं. आता निवृत्त होऊन तळोद्याला राहत होत्या आणि मोबाइलची काच बदलायला आल्या होत्या. त्यांना पाहून हेमकांतला जोर चढला. त्याने आपला मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"मॅडम, तुम्हीच न्याय करा. मला बांधलं तर कार्यालयात रेघ सपाट आणि संध्याकाळी ठोके जास्त. डॉक्टरांना दाखवलं, हृदय ठणठणीत आहे. बायकोला बांधलं तरी तेच. आता हे घड्याळ खराब नाही तर काय आहे?"

पार्वतीबाईंनी चष्मा सारखा केला आणि नूतनच्या रेघा एकेक करून बघितल्या.

"या एका दिवशी रेघ संध्याकाळीही सपाट दिसतेय रे. त्या दिवशी तिने घड्याळ काढून ठेवलं होतं का?"

"नाही मॅडम, बांधलेलंच होतं. रविवार ना तो? त्या दिवशी मी घरी नव्हतो. सुरतला साखरपुड्याला गेलो होतो, मुक्कामाला."

"बरं. आणि या दिवशी चढली आहे, पण बरीच उशिरा."

"त्या दिवशी बैठक होती. मला यायला उशीर…"

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. भाग्येशने उगाच काउंटर पुसायला घेतलं. एक गिऱ्हाईक आत येत होतं, ते दारातच थांबलं.

"हेमकांत," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या, "तू घरी येतोस ते घड्याळाला कसं कळतं रे?"

हेमकांतला तोंड कुठे लपवावं कळेना. पुराव्याचा कागद नाचवत कोर्टात जावं आणि तो आपल्यावरच उलटावा, तशी त्याची गत झाली. तरी सवयीचं बोलणं तोंडातून गेलंच. "मॅडम, मी तिला कधी हात लावलेला नाही. कोणालाही विचारा."

"हाताचं कोणी विचारलं तुला? हात न लावताही माणसाला धाकात ठेवता येतं. आणि मला सांग, साहेब बोलतो तेव्हा तुझी रेघ का चढत नाही? तिथे राग बरोबर आवरतो ना? म्हणजे तो तुला आवरता येतो. घरी तू आवरत नाहीस, कारण घरी आवरायची गरज तुला वाटत नाही."

पार्वतीबाईंनी नूतनच्या रेघेवर बोट ठेवलं.

"तुझे ठोके वाढले तेव्हा तू डॉक्टरकडे धावलास. तिचे वाढलेले दिसले तेव्हा कुठे आलास? दुकानात, घड्याळ बदलून घ्यायला."

शाळेत छडी खाताना कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला त्या काउंटरपाशी वाटली. पार्वतीबाईंनी मोबाइल परत दिला. "मी काही डॉक्टर नाही. चुकतही असेन. घरी जा आणि विचार. तिच्या मनगटाला नको, तिला विचार."

त्या संध्याकाळी हेमकांतने गल्लीच्या तोंडाशीच गाडी बंद केली आणि ढकलत नेली. अंगणाजवळ येताच आतून हसण्याचा आवाज आला. नूतन भाजीवालीची नक्कल करत होती आणि काजल पोट धरून हसत होती. बायकोला नकला येतात हे हेमकांतला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं! तो दारात थांबून ऐकत राहिला. मग आत पाऊल टाकलं आणि हसणं तिथल्या तिथे थांबलं. काजलने मोबाइल उशीखाली सरकवला. नूतन दचकून उठली.

"गाडीना आवाज उना नही," ती म्हणाली आणि पाण्याला धावली.

"बठ तू. पानी मी लेस."

ती बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली. "काय चुकनं का मन्हं?"

मोठ्या कष्टाने त्याने विचारलं, "नूतन, तुले मन्हं भेव वाटस का?"

उत्तर काजलने दिलं. "हो पप्पा. वाटस. माले बी वाटस."

हेमकांत खाली बसला आणि लेकीसमोर रडला. म्हणाला, "मन्हं चुकनं. आते नही करस." नूतनने लगेच माफ केलं असं मी सांगणार नाही, कारण तिने केलं नाही. ती एवढंच म्हणाली, "दखू."

तिचं बरोबरच होतं. हेमकांत काही एका रात्रीत देवमाणूस झाला नाही. अजूनही त्याचा आवाज चढतो. चढला की तो उठून अंगणात जातो, थोडा वेळ उभा राहतो आणि परत येऊन चूक झाली म्हणतो. पारावर मात्र आता तो स्वतःचे गोडवे गात नाही.

मित्रहो, हल्ली आपण सगळेच काही ना काही मोजतो, साखर, झोप, वजन, चाललेलं अंतर. मोजावं, त्यात वाईट काही नाही. पण जे दिसेल ते आपल्याबद्दल आहे असं मानायची तयारी नसेल तर मोजून उपयोग काय? आणि एक गोष्ट तर कुठलंही यंत्र न बांधता कळते. आज घरी गेलात की दारात क्षणभर थांबा. आत कोणी हसत असेल तर ऐका. मग आत जा आणि बघा, तुम्हाला पाहून ते हसणं चालू राहतं की बंद पडतं.